बोट ट्रेलरच्या मधोमध का बसत नाही, आणि ती कशी बसवावी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपली बोट १८ फुटी, फायबरची, व्ही आकाराच्या तळाची असून मागे ६० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. ट्रेलर गावातल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला आहे आणि त्यावर गालिचा लावलेल्या दोन लांब लाकडी फळ्या आहेत. खाडीतून बाहेर काढताना बोट बहुतेक वेळा मध्यापासून डावीकडे सुमारे दोन इंच सरकून बसते. आपण मागे गाइडचे दोन खांब लावून पाहिले, तर बोट खांबाला घासली आणि तरीही डावीकडेच बसली. आता फळ्या काढून नव्याने बसवाव्यात का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की एवढ्यात बोल्टला पाना लावू नका. मालवण-देवबाग पट्ट्यात गेली २६ वर्षे मी बोटी, त्यांची इंजिने आणि त्यांचे ट्रेलर दुरुस्त करतो आहे आणि ‘बोट एका बाजूला बसते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या ट्रेलरमध्ये दोष नसतोच, दोष बोट काढण्याच्या जागेत किंवा ट्रेलर पाण्यात किती खोल घातला यात असतो. अशा वेळी फळ्या हलवल्या, तर नीट असलेला ट्रेलर बिघडतो, बोट दुसऱ्या धक्क्यावर उजवीकडे बसू लागते आणि मग नेमके काय कोठे चुकले हे शोधणे फार अवघड होऊन बसते. म्हणून दोष कोणाचा आहे, हे ठरवण्यापासून सुरुवात करू.

पहिली परीक्षा सोपी आहे. बोट निदान तीन-चार वेळा, शक्य असल्यास दोन वेगवेगळ्या ठिकाणी आणि भरतीच्या वेगवेगळ्या वेळी बाहेर काढा आणि प्रत्येक वेळी ती मध्यापासून किती व कोणत्या बाजूला सरकली याची नोंद वहीत करा. सगळीकडे एकाच बाजूला आणि जवळपास सारखीच सरकत असेल, तर ट्रेलर तपासायला हवा. एका ठिकाणी दोन इंच, दुसरीकडे अर्धा इंच आणि तिसरीकडे विरुद्ध बाजूला, असे होत असेल तर ट्रेलरला हात लावू नका. आपण ‘बहुतेक वेळा’ असा शब्द वापरला आहे, ‘प्रत्येक वेळी’ असा नाही, आणि माझा संशय त्या एका शब्दामुळेच बळावला आहे.

दुसरी परीक्षा फार कमी लोक करतात, पण ती जास्त बोलकी आहे. बोट उतारावरून वर आली की सपाट जागेवर लगेच थांबा आणि बोटीच्या दोन्ही काठांची जमिनीपासूनची उंची मागच्या बाजूला टेपने मोजा. बोट डावीकडे सरकली आहे, पण दोन्ही काठ सारख्या उंचीवर आहेत, असे दिसले तर दोष फळ्यांत किंवा चासीत (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्यात) आहे. बोट डावीकडे सरकली आहे आणि तिचा उजवा काठ मात्र खाली गेला आहे, असे दिसले तर दोष उताराचा आहे. याचे कारण असे की पाण्यात ट्रेलर डावीकडे कललेला होता आणि बोट मात्र पाण्यावर सपाट तरंगत होती. ती त्या कललेल्या फळ्यांवर सपाट अवस्थेतच टेकली, गालिच्याने तिला तशीच धरून ठेवली, आणि पुढे ट्रेलर सपाट जागेवर सरळ झाला तेव्हा त्याच्याबरोबर बोट उजवीकडे कलली. ही मोजणी वर येताच करायची, कारण रस्त्यावरच्या दोन-चार धक्क्यांत बोट फळ्यांवर पुन्हा बसती होते आणि हा पुरावा नाहीसा होतो.

आता मूळ मुद्दा. बोट मधोमध बसणे म्हणजे दोन्ही फळ्या मध्यापासून सारख्या अंतरावर असणे, अशी बहुतेकांची समजूत असते. अंतराला महत्त्व आहेच, पण उंचीला त्याहून अधिक आहे. समजा, डावी फळी असायला हवी त्यापेक्षा एक इंच बाहेर आहे आणि दोन्हींची उंची सारखी आहे. अशा वेळी व्ही आकाराचा तळ सरळ बसतो आणि त्याचा कणा, ज्याला आपल्याकडचे होड्यांचे सुतार पठाण म्हणतात, फक्त अर्धा इंच डावीकडे सरकतो. पण अंतर बरोबर असून उजवी फळी एक इंच उंच असेल, तर काय होते? १८ अंशांच्या तळाची, म्हणजे जिच्या तळाची प्रत्येक बाजू आडव्या रेषेशी १८ अंशांचा कोन करते अशी, बोट त्या उंच फळीवरून घसरत दीड इंच डावीकडे जाते. तळ जितका चपटा, तितके हे सरकणे जास्त. १२ अंशांच्या तळाला त्याच एका इंचाने बोट सव्वादोन इंचांहून अधिक सरकते. म्हणजे उंचीतली चूक अंतरातल्या तेवढ्याच चुकीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त परिणाम करते. माझ्याकडे येणाऱ्या ट्रेलरवर अंतराची मापे बहुधा काटेकोर असतात, कारण ती टेपने सहज घेता येतात. उंची मात्र नजरेने जुळवलेली असते.

हेच गणित उताराला लावून पाहा. आपल्या फळ्यांमधले अंतर तीन फूट आणि चाकांमधले पाच फूट धरू. काँक्रीटचा उतार आडवा एक अंश जरी डावीकडे ढळलेला असला, तरी उजवी फळी डावीपेक्षा पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उंच होते आणि बोट जवळजवळ एक इंच डावीकडे बसते. एक अंशाचा ढाळ डोळ्यांना दिसतही नाही. आणि ओल्या वाळूत डावे चाक दोन इंच रुतले, तर फळ्यांच्या उंचीत सव्वा इंचाच्या आसपास फरक पडतो आणि बोट पावणेदोन ते दोन इंच डावीकडे जाते. आपला आकडा नेमका हाच आहे. काँक्रीट जेथे संपते तेथून पुढे आपल्याकडे वाळू किंवा चिखल असतो, आणि उधाणाच्या ओहोटीला पाणी इतके मागे जाते की ट्रेलर त्या वाळूत घातल्याशिवाय बोट तरंगतच नाही. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी फारसे मागे जात नाही, तेव्हा हाच ट्रेलर काँक्रीटवरच उभा राहतो आणि बोट नीट बसते. आपल्या नोंदवहीत तिथी लिहिलीत तर हे आपोआप उघड होईल.

उतार तपासायला मोबाइलमधले लेव्हलचे अ‍ॅप पुरेसे आहे. ट्रेलर पाण्यात घालून थांबवा, मोबाइल मागच्या आडव्या चॅनेलवर किंवा ती पाण्याखाली असेल तर पुढच्या चॅनेलवर ठेवा आणि आडवा कल वाचा. त्याआधी तोच मोबाइल त्याच चॅनेलवर, ट्रेलर सपाट फरशीवर उभा असताना ठेवून शून्य कोठे येते ते पाहून ठेवा. पाण्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त कल दिसला, तर ट्रेलर थोडा बाजूला घेऊन उताराचा दुसरा पट्टा वापरून पाहा. आमच्या ओळखीच्या एका धक्क्यावर डावीकडचा पट्टा शेवाळ कमी म्हणून सगळे पसंत करतात. तेथे बोटी वाकड्या बसतात, आणि चार फूट उजवीकडे सरकून ट्रेलर घातला की सरळ बसतात.

या दोन्ही परीक्षांत उतार निर्दोष ठरला, तरच ट्रेलर मोजायला घ्या. त्यासाठी बोट धक्क्याला बांधून ठेवा किंवा नांगरावर सोडा आणि रिकामा ट्रेलर सपाट फरशीवर आणा. चाकांतली हवा दोन्हीकडे सारखी भरा. पुढचा दांडा गाडीला जोडल्यावर जेवढा उंच असतो, तेवढ्याच उंचीवर ठोकळ्यांवर टेकवा. फरशी सपाट आहे हे गृहीत धरू नका. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप घेऊन दोन्ही चाकांखालची जमीन एका पातळीत आहे का ते पाहा आणि फरक असेल तर खालच्या चाकाखाली पत्रा किंवा प्लायचा तुकडा सरकवा. पुढची सगळी मापे या एका गोष्टीवर उभी आहेत.

आता ट्रेलरची मध्यरेषा काढायची. पुढच्या जोडाच्या, म्हणजे गोळा किंवा पिन जेथे बसते त्या जागेच्या बरोबर मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत आणि तेथून मागच्या चॅनेलपर्यंत मासेमारीची नायलॉनची दोरी ताणून बांधा. अ‍ॅक्सलचा मध्य दोन हबमधले, म्हणजे चाकांच्या मधल्या गाभ्यांमधले, अंतर मोजून काढा, चासीवरून काढू नका, कारण चासी अ‍ॅक्सलवर सरकून बसलेली असू शकते. त्यानंतर पुढच्या जोडाच्या मध्यापासून डाव्या हबपर्यंत आणि उजव्या हबपर्यंत तिरकी मापे घ्या. ती सारखी यायला हवीत. एक-दोन सुतांचा फरक गावठी ट्रेलरला मी सोडून देतो; त्याहून जास्त असेल तर अ‍ॅक्सल तिरका बसला आहे, ट्रेलर रस्त्यावर किंचित तिरका चालतो आणि टायर एका काठाने झिजतात. तो दोष आधी काढायचा, कारण अ‍ॅक्सल हलला की मध्यरेषाही हलते.

मग चासीची उंची. चासीच्या चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा आणि डावी-उजवी ताडून पाहा. फळ्यांना हात लावण्याआधी हे माप मी घेतोच, त्याला एक कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची बोट अशीच डावीकडे बसत होती. मी दोन दिवस फळ्यांचे ब्रॅकेट सैल करून, सरकवून, पुन्हा आवळून पाहिले, आणि बोट सरळ बसली म्हणून ट्रेलर परत दिला. तीन आठवड्यांत तो परत आला, तेव्हा डावे चाक मडगार्डला घासत होते. डाव्या बाजूच्या पाट्यातले (चाकावरच्या पानांच्या स्प्रिंगमधले) मुख्य पान मधल्या बोल्टापाशी आतून तडकलेले होते. गंजाच्या थरामुळे ती चीर बाहेरून दिसत नव्हती, पण हातोडीने हळूच ठोकल्यावर उजव्या पाट्याचा आवाज खणखणीत आला आणि डाव्याचा बद्द. मी फळ्या वाकड्या करून एका मोडक्या पाट्याची भरपाई केली होती, आणि तेवढे दिवस ती बोट भर रस्त्याने त्या पाट्यावर फिरली होती. तेव्हापासून पाटे ठोकून पाहिल्याशिवाय मी फळ्यांच्या बोल्टला हात लावत नाही. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरचे पाटे, यू-बोल्ट आणि पाट्याच्या डोळ्यांतल्या पिना याच गंजण्याच्या पहिल्या जागा आहेत.

चासी पातळीत असेल, तर फळ्या घ्या. प्रत्येक फळीला निदान दोन ब्रॅकेट असतात, एक पुढे आणि एक मागे. म्हणून मापे चार ठिकाणी घ्यायची, दोन ठिकाणी नव्हे. प्रत्येक जागी दोन मापे हवीत: दोरीपासून फळीच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर आणि लेव्हल पाइपने घेतलेली फळीच्या माथ्याची उंची. मागच्या दोन्ही उंची सारख्या आणि पुढच्या दोन्ही सारख्या असल्या पाहिजेत. पुढची जोडी मागच्यापेक्षा उंच असणे ठीक आहे, कारण बोटीचा तळ पुढे वर चढत जातो. एका फळीचे पुढचे टोक उंच आणि दुसऱ्या फळीचे मागचे टोक उंच असेल, तर बोट तिरपी बसते: विंचचा (बोट ओढून घेण्याच्या चरखीचा) पट्टा नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, मध्यावर ओढून धरतो आणि मागची बाजू मात्र एका अंगाला जाते. आपली बोट पुढे सरळ आणि फक्त मागे डावीकडे दिसत असेल, तर बहुधा हेच झाले आहे.

फळीचा माथा तळाच्या कोनाला जुळलेला असावा. स्थानिक ट्रेलरवर फळी बहुधा लोखंडी अँगलला पक्की आवळलेली असते, फिरत्या ब्रॅकेटवर नसते, त्यामुळे कोन चुकला तर बोटीचे सगळे वजन फळीच्या एका काठावर येते. हे ओळखायला गालिचाच पाहा. ज्या फळीवर बोट नीट टेकते तिच्या गालिच्याचे तंतू पूर्ण रुंदीत दबलेले असतात आणि त्यांत वाळू सारखी बसलेली असते. जिच्यावर ती काठाने टेकते तिच्या आतल्या काठाला अंगठ्याएवढ्या रुंदीची चकचकीत, कडक झालेली पट्टी दिसते आणि बाकीचा गालिचा अजून लवदार असतो. अशी पट्टी दिसली, तर तेवढ्याच जागी बोटीच्या तळावर हात फिरवून पाहा. जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बोटांना लागल्या, तर फळीचा कोन दुरुस्त करणे हे बोट मध्यावर आणण्यापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

फळ्यांची लांबीही याच वेळी पाहून घ्या. फळीचे मागचे टोक ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपर्यंत, पोचले पाहिजे. इंजिनाचे शंभर-सव्वाशे किलो वजन ट्रान्समवर लटकते. फळी त्याच्या अलीकडे सहा इंच संपत असेल, तर उन्हात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या बोटीचा तळ तेवढ्या जागी खाली वाकतो आणि मग ती पाण्यात नाळ दाबून चालते. हा बाक पुढे निघत नाही.

आता विंचचा खांब. त्याच्या रबरी स्टॉपरच्या मध्यापासून ओळंबा खाली सोडा. तो ताणलेल्या दोरीवर यायला हवा. हा खांब दांड्यावर यू-बोल्टने आवळलेला असतो आणि बोट ओढताना बसणाऱ्या हिसक्यांनी तो हळूहळू फिरतो. पट्टा ड्रमवर एका बाजूलाच गुंडाळला जात असेल, तर तोही नाळ थोडी त्या बाजूला खेचतो. तो पूर्ण उलगडून, हाताने धरून, सारखा गुंडाळून घ्या. या कामाला पाच मिनिटे लागतात.

ट्रेलरचे झाले, पण बोटही दोषी असू शकते. ती पाण्यात मुळातच एका बाजूला कललेली असेल, तर फळ्यांवरही तशीच टेकेल. धक्क्यावर उभे राहून मागून पाहा. बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि नांगर-साखळी हे सगळे एकाच बाजूच्या कप्प्यात ठेवण्याची सवय सर्रास आढळते. ५० लिटर पेट्रोलच सुमारे ३७ किलो भरते. तळात पाणी साचले असेल तर ते कललेल्या बाजूला धावते आणि कल वाढवते, म्हणून बोट काढण्याआधी पंप चालवून तळ कोरडा करावा. बोटीचा मध्य ठरवताना पाणी सोडण्याच्या बुचावर विसंबू नका, ते मध्यावर असेलच असे नाही. ट्रान्समच्या दोन कोपऱ्यांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करा आणि तेथे टेपची उभी पट्टी चिकटवा.

मापे घेतल्यावर दोष उंचीचा निघाला, तर किती हलवायचे याचा हिशेब असा. १८ अंशांच्या तळाला बोट एक इंच सरकवायची असेल, तर दोन फळ्यांच्या उंचीत सुमारे पाच सुतांचा फरक पाडावा लागतो. आपली बोट दोन इंच डावीकडे आहे, म्हणजे दहा सूत. ते सगळे एका फळीवर न घालता डावी पाच सूत उचला आणि उजवी पाच सूत उतरवा, म्हणजे बोटीची एकूण उंची आणि विंचशी असलेले तिचे नाते बदलत नाही. मात्र हा हिशेब केवळ पडताळ्यासाठी आहे. आपण घेतलेल्या मापांत उजवी फळी खरोखरच तेवढी उंच निघाली, तर गणित जुळले आणि फळ्या एका पातळीत आणा. फळ्या आधीच पातळीत असतील आणि तरीही बोट दोन इंच जात असेल, तर त्या पातळीतून काढून बोट सरळ करण्याचा मोह टाळा. तसे केले तर मी मोडक्या पाट्याच्या बाबतीत केलेलीच चूक आपल्या हातून होईल.

प्रत्यक्ष काम बोट ट्रेलरवर नसताना करावे. बोट वर ठेवून, तिच्या तळाला जॅक लावून, खाली झोपून ब्रॅकेट सैल करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते दृश्य पाहवत नाही. जॅक एका बिंदूवर टेकतो, तळ गुळगुळीत व तिरका असतो, आणि सातशे किलोची बोट घसरायला निमित्तच लागते. बोट पाण्यात ठेवणे शक्य नसेल, तर ती लाकडी स्लीपरांच्या भक्कम थप्प्यांवर, कण्याखाली आधार देऊन आणि दोन्ही बाजूंना टेकू लावून उतरवा, ट्रेलर बाहेर ओढून घ्या आणि मग काम करा. गंजलेल्या नटाशी झुंजू नका; ग्राइंडरने कापून नवा गॅल्वनाइज्ड बोल्ट घाला. फळीतून येणाऱ्या बोल्टचे डोके लाकडात निदान तीन-चार सूत खोल बसवा, कारण गालिचा झिजल्यावर हेच डोके जेलकोट खरवडते. आवळताना एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरी, असे करू नका. चारही ब्रॅकेट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा आणि आवळून झाल्यावर उंची पुन्हा मोजा, कारण आवळताना ब्रॅकेट एक-दोन सूत हलतोच.

गाइडच्या खांबांबद्दल आपण विशेष विचारले आहे. ते उपयोगी आहेत, विशेषतः कर्लीसारख्या खाडीत ओहोटीचा ओढा उताराला आडवा जातो तेव्हा, किंवा दुपारचा वारा बोटीची मागची बाजू ढकलतो तेव्हा. शिवाय रिकामा ट्रेलर पाण्यात घालताना मागे काय चालले आहे ते आरशात दिसते. पण त्यांचे काम बोटीला ट्रेलरच्या तोंडाशी आणून देण्याचे आहे. ती नेमकी कोठे टेकणार हे फळ्या ठरवतात. बोट मध्यावर असताना प्रत्येक बाजूला काठाच्या रबरापासून एक-सव्वा इंच मोकळी जागा राहील, असे ते बसवावेत. आपण ते इतके जवळ आणले आहेत की डावा खांब बोटीचे वजन आडवे झेलतो आहे. तो आजच थोडा बाहेर घ्या, नाहीतर खांब वाकेल किंवा बोटीचा काठ फुटेल.

आता बोट बाहेर काढण्याची रीत, कारण ट्रेलर अचूक असूनही या एका टप्प्यावर सगळे बिघडू शकते. आपल्याकडे ट्रेलर फार खोल घालण्याची सवय आहे. बोट सहज वर येते म्हणून ते सोयीचे वाटते, पण फळ्या पूर्ण बुडाल्या की बोट त्यांच्यावर नुसती तरंगत राहते, आणि ट्रॅक्टर ओढू लागल्यावर वारा, ओढा किंवा उतार तिला जेथे ढकलेल तेथे ती टेकते. फळ्यांचा मागचा दोन-तृतीयांश भाग पाण्यात आणि पुढचा एक-तृतीयांश बाहेर, एवढीच खोली घ्या. तेव्हा बोटीचा पुढचा व्ही आधी फळ्यांच्या पुढच्या भागात येऊन रुततो आणि स्वतःच मध्य शोधतो, मग विंचने उरलेली दोन-तीन फूट ओढली की मागची बाजू तिच्या मागोमाग सरळ येते. विंचऐवजी इंजिनाच्या जोरावर बोट चढवू नका. पंख्याच्या झोताने उताराच्या शेवटी खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी आपलेच चाक त्यात जाते.

नाळ स्टॉपरला टेकल्यावर साखळी अडकवा आणि एका माणसाला मागे उभे करून टेपची पट्टी मध्यावर आहे का ते पाहायला सांगा. नसेल तर बोट तशीच ओढून बाहेर काढू नका. ट्रेलर फूटभर पुन्हा खाली घ्या, मागची बाजू तरंगू द्या, हाताने किंवा काठीने सरळ करा आणि एकजण मागची दोरी धरून उभा असताना ट्रॅक्टर अगदी सावकाश, न थांबता वर घ्या. पहिले दोन-तीन फूट महत्त्वाचे असतात. त्या अंतरात मागची बाजू फळ्यांवर टेकली की ती पुढे सरकत नाही. वर आल्यावर नाळ आणि स्टॉपर यांच्यात कधी इंचभर फट पडते. सपाटीवर विंचने जोर लावून ती बुजवण्यापेक्षा पुढच्या वेळी खोली किंचित बदलून पाहा. एक गोष्ट जाता जाता: लांबून ट्रेलर ओढत आणला असेल, तर हब गरम असताना तो लगेच पाण्यात घालू नका. गरम हब एकदम थंड झाला की आत पाणी ओढून घेतो आणि बेअरिंग संपते. पंधरा-वीस मिनिटे थांबा, तेवढ्यात दिव्यांचा प्लगही काढून ठेवा.

किती वाकडेपणा चालतो, हेही सांगायला हवे, कारण काही लोक अर्ध्या इंचासाठी महिनाभर बेचैन असतात. ७०० किलोची बोट दोन इंच सरकली आणि चाकांमधले अंतर पाच फूट असेल, तर एका चाकावर सुमारे ३७३ किलो आणि दुसऱ्यावर ३२७ किलो वजन येते. सेहेचाळीस किलोंचा हा फरक चांगल्या पाट्यांना आणि टायरांना जड नाही. अर्धा-पाऊण इंच मी दुर्लक्षित करतो. दोन इंचांची चिंता करायची ती वजनामुळे नव्हे, तर आपल्या बोटीच्या तळाला ज्या उभारलेल्या लांब पट्ट्या असतात, त्या सरकलेल्या स्थितीत फळीच्या काठावर येतात म्हणून. पट्टी फळीवर चढली की सगळा भार त्या अरुंद धारेवर जातो. वाकून पाहा, पट्टी आणि फळीचा काठ यांच्यात निदान बोटभर अंतर सुटलेले असेल, तर हंगाम संपेपर्यंत काम पुढे ढकलायला हरकत नाही.

फळ्या किंवा विंचचा खांब हलवला, तर पुढच्या दांड्यावरचे वजन एकदा तपासा. आपली बोट आणि ट्रेलर मिळून ९५० किलोंच्या आसपास असतील. त्याच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साधारण ५० ते ९५ किलो वजन गाडीच्या हूकवर यायला हवे. घरातला वजनकाटा पुढच्या जोडाखाली, गाडीला जोडल्यावर असते त्याच उंचीवर, ठोकळ्यावर ठेवून ते मोजता येते. आकडा पन्नासच्या खाली गेला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो, आणि सावंतवाडीकडच्या घाटात उतारावर ते फार धोक्याचे आहे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आपल्या भागातल्या बहुतेक बोटी वर असतात आणि पाटे, हब, ब्रॅकेट उघडायला हाच काळ योग्य आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी चार दिवस माझ्याकडे रांग लागते आणि तेव्हा कोणाचेच काम मनासारखे होत नाही. तोवर आपण नोंदवही ठेवा आणि काठांची उंची मोजा. फळ्या हलवाव्याच लागल्या, तर आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून ब्रॅकेटवर येणारी रंगाची एक रेघ मारा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर ट्रेलर थांबवून त्या रेघा पाहा; जेथे रेघ तुटलेली दिसेल तो नट हलला आहे, तो पुन्हा आवळून रेघ नव्याने मारा.